‘पत्नीला गाडी येत नाही, पण मी आहेच’ : अल्गार्वला कायमचं जाण्याआधी

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, पत्नी ६३ वर्षांची. दोघंही पस्तीस वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, पासपोर्ट ब्रिटिश. मला स्टेट पेन्शन आणि एक खासगी पेन्शन मिळते. गेली चार वर्षं उन्हाळ्यात पोर्तुगालच्या अल्गार्व किनाऱ्यावर लागोसला जातो आहोत. आता इथलं घर विकून तिकडेच स्थायिक व्हावं असं मनात आहे. लागोसच्या मागे डोंगरात एक घर पाहून ठेवलंय. बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे, गच्चीवरून लांब समुद्र दिसतो. पत्नीला गाडी चालवता येत नाही, पण मी आहेच. व्हिसा, कर, आरोग्यसेवा आणि घरखरेदी यांबद्दल सविस्तर मार्गदर्शन करावं.

उत्तर :

तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टींबद्दल लिहितो. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो, आणि आधी त्याबद्दलच बोलायला हवं. ‘पत्नीला गाडी येत नाही, पण मी आहेच.’

गेली अठरा वर्षं लागोसपासून ताविरापर्यंत स्थायिक होणाऱ्यांची कागदपत्रं मी पाहतो. कागदांचं कसंही करून निभावतं. उशीर होतो, चकरा होतात, कधी वर्ष जातं, पण शेवटी निवासाचं कार्ड हातात येतं. चुकीच्या जागी घेतलेलं घर मात्र असं निभावत नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे यजमान तिथे गेल्यावर तिसऱ्या वर्षी अचानक वारले. घर असंच डोंगरात, जवळची बस सहा किलोमीटरवर, आणि बाईंना गाडी येत नव्हती. घर विकायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत त्यांनी मला व्हिसाबद्दल किंवा कराबद्दल एकदाही विचारलं नाही. भाजी कोण आणून देईल आणि डॉक्टरकडे कसं जायचं, एवढंच त्या विचारायच्या. म्हणून आता कोणीही घर दाखवलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो : तुमच्यापैकी एकच जण उरला, तर तो या घरात राहू शकेल का? दोघांसाठी वेगवेगळं उत्तर द्या. तुमच्या डोंगरातल्या घराचं वहिनींच्या बाजूने उत्तर ‘नाही’ असं आहे. ते घर घेऊ नका.

आता हवेबद्दल. तुम्ही अल्गार्व चार वेळा पाहिलंत, पण चारही वेळा उन्हाळ्यात. वर्षाला सुमारे तीन हजार तास ऊन ही जाहिरातीतली गोष्ट खरी आहे, आणि जानेवारीतही दुपारी अंगणात शर्टावर बसता येतं. त्रास होतो तो घरात. तिथली बरीचशी घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहेत : फरशीची जमीन, पातळ भिंती, एकपदरी काचा, हीटिंगची कायमची सोय नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडतो, दमट वारा समुद्रावरून आत येतो आणि कपाटाच्या मागे काळी बुरशी धरते. बाहेर सोळा अंश आणि आत चौदा, अशा संध्याकाळी मी अनेकांच्या घरात स्वेटर आणि मफलर घालून बसलो आहे. इंग्लंडमध्ये बाहेर थंडी आणि घरात ऊब असते. अल्गार्वमध्ये हिवाळ्यात बरेचदा ऊब घ्यायला बाहेर जावं लागतं. सांधेदुखी असेल तर हा फरक मोठा आहे. पाहायला जाल तेव्हा घर दक्षिणाभिमुख आहे का, काचा दुपदरी आहेत का, भिंतींना ताज्या रंगाचा वास येतोय का, हे बघा. जानेवारीत नुकताच दिलेला रंग बहुधा बुरशी झाकण्यासाठी असतो.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट कळते : कोणतं गाव जिवंत आहे आणि कोणतं फक्त हंगामाचं. अल्बुफेइराच्या किनारपट्टीवर नोव्हेंबरमध्ये दुकानांची शटर खाली येतात आणि रस्त्यांवर कोणी दिसत नाही. फारो, लौले, ताविरा, ओल्यांव, आणि लागोसचा जुना भाग इथे लोक बारा महिने राहतात. शाळा सुटते, बाजार भरतो, औषधाचं दुकान उघडं असतं. लागोसहून पोर्तिमांव, फारो, ओल्यांव, ताविरा करत स्पेनच्या सीमेवरच्या व्हिला रेआल द सांतो अँतोनिओपर्यंत रेल्वे जाते. गाडी न चालवणाऱ्या माणसासाठी या रेल्वेइतकी मोठी सोय दुसरी नाही. फक्त स्टेशनच्या नावावर विसंबू नका. अल्बुफेइरा आणि लौले या दोन्ही गावांची स्टेशनं गावापासून काही किलोमीटर लांब आहेत. लागोस आणि ताविरात मात्र स्टेशनवरून चालत गावात जाता येतं.

चालण्यावरून आठवलं. तिथले पदपथ चुनखडीच्या छोट्या दगडांचे, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की ते साबणासारखे होतात. खुब्याचं हाड मोडलेले माझे तीन परिचित याच दगडांवर घसरले. रबरी तळव्याचे बूट घ्या आणि चढाच्या गल्लीतलं घर, ते कितीही देखणं असलं तरी, सोडून द्या.

म्हणून माझा पहिला सल्ला : आत्ता काहीही विकू नका, काहीही विकत घेऊ नका. या नोव्हेंबरात जा आणि भाड्याने राहा. ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन प्रदेशात, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या सामाईक सीमेच्या देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. १५ नोव्हेंबरला पोहोचून १० फेब्रुवारीला निघालात तर ८८ दिवस होतात, म्हणजे हिवाळ्याचा सगळ्यात कठीण भाग पुरा हाताशी येतो. दिवस मोजताना यायचा आणि जायचा, दोन्ही दिवस धरा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर प्रवेश-निर्गमाची नोंद संगणकावर व्हायला लागली आहे. पूर्वीसारखं शिक्क्यांवर काम राहिलेलं नाही, त्यामुळे एक-दोन दिवस इकडेतिकडे चालतील असं समजू नका. हिवाळ्यात घरभाडं उन्हाळ्याच्या मानाने पुष्कळच कमी असतं. एक महिना लागोसच्या गावात आणि उरलेला वेळ ताविरात, अशी विभागणी मला आवडते. पश्चिमेला कडे आणि जोराचा वारा, पूर्वेला रिया फोर्मोझाची उथळ खाडी, वाळूची बेटं आणि थोडं कोमट पाणी. एकाच अल्गार्वची ही दोन निराळी रूपं आहेत, आणि तुम्ही त्यातलं एकच पाहिलं आहे.

हिवाळा मानवला तर व्हिसा. तुमच्यासाठी डी-७, म्हणजे पेन्शन किंवा भाड्यासारखं नियमित उत्पन्न असणाऱ्यांचा. उत्पन्नाची किमान मर्यादा पोर्तुगालच्या किमान वेतनाशी बांधलेली आहे. ते २०२५ मध्ये महिन्याला ८७० युरो होतं, २०२६ मध्ये ९२० झालं. जोडीदारासाठी त्यात निम्म्याची भर, म्हणजे दोघांचे १३८० युरो. तुमच्या दोन पेन्शन मिळून ही रेषा पार होईल असं वाटतं, पण रेषेला टेकून अर्ज करू नका. पौंड-युरोचा दर हलला की गणित बिघडतं. शिवाय वर्षभराच्या किमान रकमेएवढी शिल्लक पोर्तुगीज बँकेत दाखवायला सांगतात. त्याआधी निफ हा करक्रमांक काढावा लागतो, कारण त्याशिवाय तिथे बँक खातं, भाडेकरार, वीजजोडणी यांतलं काहीच होत नाही. राहण्याच्या जागेचा पुरावा म्हणून वर्षाचा नोंदणीकृत भाडेकरार पुरतो. व्हिसासाठी घर विकत घ्यावंच लागतं असं तुम्हाला कोणी सांगत असेल, तर तो बहुधा घरं विकणारा असेल.

व्हिसा चार महिन्यांचा मिळतो. त्या काळात तिथे जाऊन निवास परवाना घ्यायचा. तो आधी दोन वर्षांचा, मग तीन वर्षांचा. हे काम पूर्वी सेफ नावाच्या खात्याकडे होतं. २९ ऑक्टोबर २०२३ ला ते बंद झालं आणि आयमा ही नवी संस्था आली. तिच्या वाट्याला पहिल्याच दिवशी सुमारे साडेतीन लाख प्रलंबित प्रकरणं आली, आणि त्याची झळ आजही बसते. मुलाखतीची तारीख पुढे गेली तर घाबरू नका. मात्र प्रत्येक पत्र, ईमेल, पावती जपून ठेवा. पहिल्या परवान्याच्या दोन वर्षांत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलात तर परवाना धोक्यात येतो. नातवंडांसाठी इंग्लंडला लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्यांच्या हे लक्षातच राहत नाही.

आता कर. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

२००९ मध्ये पोर्तुगालने बाहेरून येणाऱ्यांसाठी खास करसवलत आणली होती. परदेशी पेन्शनवर आधी काहीच कर नव्हता, २०२० पासून नव्यांना १० टक्के लागू झाला. ही योजना २०२४ पासून नव्या लोकांसाठी बंद झाली. तिच्या जागी आलेली सवलत संशोधक आणि विशिष्ट क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी आहे, पेन्शनरांसाठी नाही. तुमच्या शेजारचे कोणी २०१८ साली गेले असतील आणि त्यांनी तुम्हाला ‘तिकडे कर नाहीच’ असं सांगितलं असेल, तर ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांचं गणित तुम्हाला लागू नाही. तुम्हाला सर्वसाधारण टप्प्यांचे दर लागतील, आणि ते वर ४८ टक्क्यांपर्यंत चढतात. मध्यम पेन्शनवर पोर्तुगालचा कर ब्रिटनपेक्षा जास्त निघणं अगदी शक्य आहे. जायच्या आधीच तिथल्या हिशेबनिसाकडून तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून घ्या.

वर्षात १८३ दिवस राहिलात, किंवा त्याहून कमी राहिलात पण कायमचं राहण्याच्या हेतूने घर ठेवलंत, तरी तुम्ही तिथले कर-निवासी ठरता. त्यानंतर तुमचं जगभरचं उत्पन्न तिथे दाखवायचं. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेली आयसा खाती पोर्तुगालच्या लेखी साधी गुंतवणूक असतात. व्याज आणि नफा करपात्र. खासगी पेन्शनमधून एकरकमी काढता येणारी २५ टक्के रक्कमही तशीच. ब्रिटनमध्ये करमुक्त, पण तिथे निवासी झाल्यावर काढलीत तर कर बसू शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुमचं राहतं घर. ते निवासी होण्याआधी विकलंत तर ब्रिटनच्या नियमांनी, राहत्या घराच्या सवलतीसह, प्रकरण मिटतं. निवासी झाल्यावर विकलंत तर तो नफा पोर्तुगालच्या हिशेबात येतो.

मगाशी ‘काही विकू नका’ म्हणालो आणि आता ‘आधी विका’ म्हणतोय. दोन्ही खरं आहे, फरक वेळेचा आहे. आधी हिवाळा, नव्वद दिवसांच्या आत. परत या, ठरवा. जायचं पक्कं झालं तर व्हिसाचा अर्ज सुरू असताना घर विका, आयसा आणि एकरकमी रकमेचं काय ते करा, आणि मगच तिकडे बिऱ्हाड हलवा. हा क्रम उलटला की नुकसान हजारोंच्या घरात जातं, आणि ते नंतर भरून काढता येत नाही.

पेन्शनबद्दल एक चांगली बातमी आहे. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांची ब्रिटिश स्टेट पेन्शन दरवर्षी वाढत राहते. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांची ती गोठते.

आरोग्य. स्टेट पेन्शन सुरू असल्यामुळे तुम्हाला ब्रिटनकडून एस-१ फॉर्म मिळू शकतो. तो तिथे नोंदवला की पोर्तुगालच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत तुमची जागा होते आणि खर्च ब्रिटन उचलतं. वहिनींची स्वतःची स्टेट पेन्शन सुरू व्हायची आहे, तेव्हा तुमच्यावर अवलंबून म्हणून त्यांची नोंद होईल का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. नोंद झाली म्हणजे लगेच डॉक्टर मिळाला असं मात्र नाही. देशभरात सुमारे १५ लाख लोकांना ठरलेला फॅमिली डॉक्टर नाही, आणि अल्गार्वमध्येही ही टंचाई जाणवते. मोठी सरकारी रुग्णालयं फारो आणि पोर्तिमांवला आहेत. काही उपचारांसाठी लिस्बन गाठावं लागतं, आणि ते फारोहून पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. तातडीच्या वेळी सेवा चांगली मिळते, हे मी अनुभवाने सांगतो. अडतं ते तपासण्या, तज्ज्ञांच्या तारखा अशा रोजच्या गोष्टींत. म्हणून बहुतेक जण जोडीला खासगी विमा घेतात. तो पासष्टीनंतर महाग आणि अवघड होत जातो, आधीचे आजार त्यातून वगळले जातात. वहिनींचा विमा आत्ताच काढा.

आणि पुढचं. दोघांपैकी एकाला रोजची देखभाल लागायला लागली तर? पोर्तुगालमध्ये म्हातारपणाची काळजी अजून बरीचशी कुटुंबच घेतं. वृद्धाश्रम आहेत, त्यांतले पुष्कळसे मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्था चालवतात. ही परंपरा लिस्बनमध्ये १४९८ साली सुरू झाली आणि आज देशभरातल्या बऱ्याच गावांत अशी संस्था आहे. पण प्रतीक्षायाद्या लांब, आणि आतली भाषा पोर्तुगीज. स्मरणशक्ती जायला लागली की माणसाची मागून शिकलेली भाषा आधी जाते. हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

भाषेला मात्र घाबरू नका. निम्मी शिदोरी तुमच्याकडे आहेच. पाव, बटाटा, कोबी, अननस, चावी, फीत हे शब्द आपल्याकडे त्यांच्याकडूनच आलेत, आणि त्यांच्या भाषेत ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. मराठी माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळलं की त्याचा चेहरा खुलतो. अवघड जातं ते ऐकणं, कारण ते स्वर गिळून बोलतात. आठवड्यातून दोन तास शिकवणी आत्तापासून लावा. पाच वर्षांनी कायम निवासासाठी ए-२, म्हणजे प्राथमिक पातळीची पोर्तुगीज लागतेच, पण खरी गरज त्याआधी, औषधाच्या दुकानात पडते.

घर घ्यायची वेळ आली तर वकील तुमचा स्वतःचा हवा, एजंटने सुचवलेला नको. आधी प्राथमिक करार होतो आणि साधारण दहा टक्के रक्कम भरावी लागते. तुम्ही माघार घेतली तर ती जाते, विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. त्यामुळे सगळी तपासणी या कराराच्या आधी व्हायला हवी. डोंगरातल्या जुन्या घरांत एक गोष्ट नेहमी सापडते : कागदावर नव्वद चौरस मीटर आणि प्रत्यक्षात दीडशे. वाढवलेल्या खोल्या आणि तलाव कधी नोंदवलेलेच नसतात. २०२४ पासून खरेदीखताच्या वेळी वापर-परवाना, म्हणजे घर राहण्याजोगं असल्याचा नगरपालिकेचा दाखला, दाखवण्याची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे विकणाऱ्याचं काम सोपं झालं आणि घेणाऱ्याची जबाबदारी वाढली. माझ्या एका पक्षकाराची अशी दोन खोल्यांची नोंद करून घेण्यात तीन वर्षं गेली. खरेदीवर हस्तांतरण कर आणि ०.८ टक्के मुद्रांक शुल्क, पुढे दरवर्षी करमूल्याच्या ०.३ ते ०.४५ टक्के घरपट्टी.

डोंगराबद्दल आणखी एक. ऑगस्ट २०१८ मध्ये अल्गार्वमधल्याच मोंशिकच्या डोंगरात लागलेली आग आठवडाभर धुमसत होती, हजारो हेक्टर जंगल गेलं. रानात घर असेल तर भोवतीचं पन्नास मीटर गवत-झुडूप दरवर्षी साफ करणं कायद्याने बंधनकारक आहे. पाण्याचीही तीच गत : २०२४ च्या सुरुवातीला दुष्काळामुळे अल्गार्वमध्ये शेतीच्या पाण्यात २५ आणि शहरी वापरात १५ टक्के कपात जाहीर झाली होती. बाग आणि तलाव पाहताना हे डोळ्यांसमोर असू द्या. आणि १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने लागोस उद्ध्वस्त झालं होतं. घराच्या विम्यात भूकंपाचं संरक्षण आपोआप येत नाही, ते वेगळं मागून घ्यावं लागतं.

मृत्युपत्र दोघांनीही करा. २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार, काही लिहून ठेवलं नसेल तर तुम्ही जिथे राहता त्या देशाचा वारसा कायदा लागतो, आणि पोर्तुगीज कायद्यात जोडीदार आणि मुलांचा ठरावीक वाटा काढून घेता येत नाही. तुमच्या नागरिकत्वाचा कायदा निवडण्याची मुभा आहे, पण ती मृत्युपत्रात स्पष्ट लिहावी लागते. सावत्र मुलं किंवा दुसरं लग्न असेल तर हे टाळूच नका.

आता या नोव्हेंबरबद्दल शेवटचं. भाड्याचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत घ्या आणि गाडी भाड्याने घेऊ नका. चांगला पाऊस लागलेल्या एखाद्या सकाळी वहिनींना एकटीने बाहेर पडू द्या : औषधाचं दुकान, आरोग्य केंद्र, भाजीबाजार, मग रेल्वेने फारो आणि परत. तुम्ही घरी थांबा, फोनही करू नका. असं त्यांनी चार-पाच वेळा केल्यावर, तिथे राहायला आवडेल का, हे त्यांना विचारा आणि त्या काय म्हणतात ते मध्ये न बोलता ऐका. तुमच्या पत्रात ‘पत्नी’ हा शब्द दोनदा आला आहे, पण त्यांना काय हवंय हे कुठेच आलेलं नाही. फेब्रुवारीत परत आल्यावर मला पुन्हा लिहा, आणि ते पत्र वहिनींनी लिहिलेलं असू द्या.